कानाचा रकाना

चांगुणाबाईनं आयुष्यात लबाडी केली ती एकच, आणि तीही लेकराच्या भल्यासाठी. निदान तीन वर्षं ती स्वतःची अशीच समजूत काढत आली होती. आता समोर अमेरिकेहून आलेली लॉरा लॅपटॉप उघडून बसली होती, आणि चांगुणाबाईला कुठं तोंड लपवू असं झालं होतं.

सातपूरकडच्या एका शिशुगृहात ती चौदा वर्षं अनाथ मुलं सांभाळत होती. गोदा तिच्या हातात आली ती आठ दिवसांची. आता सहा वर्षांची झालेली. पोरगी हसरी, चलाख, पण कानानं अधू. अगदी जवळ जाऊन ओरडलं तरच कळायचं तिला. बोलणंही त्यामुळं अर्धंमुर्धं. बाकीच्या बाया म्हणायच्या, चांगुणानं लाडावून ठेवलीय, म्हणून बोबडी बोलते. चांगुणाबाई ऐकून घ्यायची. खरं काय ते तिला एकटीला ठाऊक होतं.

गोदा तीन वर्षांची असताना सिन्नरचं एक जोडपं तिला दत्तक घ्यायच्या विचारानं बघायला आलं होतं. त्या बाईनं तीनदा हाक मारली, गोदानं मान वळवली नाही. जाताना बाई नवऱ्याला म्हणाली, "बहिरी दिसते हो, नको." झालं! त्या दिवशी चांगुणाबाईच्या डोक्यात सणक गेली. माझ्या पोरीला नको म्हणता काय, थांबा!

तिसऱ्या वर्षापासून मुलांचे कान दरवर्षी तपासायचे, आणि त्या तपासणीची तऱ्हा अशी होती की मूल मांडीवर घेऊन बसायचं, डॉक्टर मागं उभं राहून खुळखुळा वाजवणार, मूल तिकडं वळलं की कान ठीक. एका सकाळी अकरा मुलं तपासायची म्हटल्यावर डॉक्टर तरी किती बारीक बघणार? चांगुणाबाईनं त्याचा खेळच केला. डावी मांडी दाबली की डावीकडं बघायचं, उजवी दाबली की उजवीकडं, बरोबर आलं की शेंगदाण्याची चिक्की. दोन दिवसांत पोर तयार. डॉक्टरांनी लिहिलं, श्रवण उत्तम. पुढं दरवर्षी तेच.

एवढं करून पोरीला कुणी नेलं का? छे! आणखी दोन घरं फाईल बघून आली, तिचं बोलणं ऐकलं आणि "मंद वाटते" म्हणून परत गेली. हे अमेरिकेचं जोडपं मात्र आलं, गोदाला बघून हरखलं; मराठी कळत नसल्यानं तिचं अर्धंमुर्धं बोलणं त्यांना खटकलं नाही. कोर्टकचेरीचे कागद झाले, तिकिटं निघाली. आता राहिला होता तिच्या विम्याचा अर्ज. घरी पोचल्यावर कुठले डॉक्टर लागतील, कशाकशाचा खर्च विम्यात धरायचा, ते लॉरा इथूनच ठरवत होती.

संस्थेची तेजल मॅडम इंग्रजीचं मराठी करून सांगायला बसली होती. शेजारी लॉराचा नवरा डॅन. अधीक्षक मोहिनीताई फाईल उघडून एकेक वाचत होत्या. दमा नाही. फिट नाही. कान उत्तम.

लॉरा काहीतरी बोलली. तेजल हसून म्हणाली, "चांगुणामावशी, ही म्हणतेय कागद राहू द्या, हिला वाढवलं त्यांना विचारा. तुम्ही सांगाल ते ती लिहिणार."

"चांगली हाय पोरगी," चांगुणाबाई म्हणाली.

"कान?"

"ऐकती की. लय चांगलं ऐकती."

लॉरानं मान डोलावली आणि खरंच तसं लिहिलं. एक प्रश्न नाही, शंका नाही. चांगुणाबाईला शरम वाटली. ही परकी बाई आपल्या शब्दावर लेकराचं औषधपाणी ठरवतेय आणि आपण तोंडावर खोटं बोलतोय! तिकडं शाळेत बाई शिकवतील, हिला कळणार नाही, हट्टी म्हणून कोपऱ्यात बसवतील. तिथं कोण हिची मांडी दाबणार?

"खोटं बोलले मी," ती एकदम म्हणाली. "तिला ऐकू येत नाय. कधीच धड येत नव्हतं." आणि मांडीवरचा सगळा खेळ तिनं खाली मान घालून सांगून टाकला.

मोहिनीताई ताडकन उठल्या. "अहो, अक्कल गहाण ठेवली होती का? संस्थेचं नाव घालवलंत!"

"आता नेतील ना तिला?" चांगुणाबाईनं तेजलला विचारलं. बाकी काही तिला ऐकायचं नव्हतं.

तेजलनं भाषांतर केलं. लॉरानं डॅनकडं बघितलं. मग लॉरा सावकाश बोलली. तेजलला ते मराठीत सांगायला जड जात होतं.

"नेणार आहेत, मावशी. पण ती म्हणते, तिची बहीण जन्मापासून बहिरी आहे. म्हणून चार वर्षांपूर्वी यांनी अर्जात तेच लिहिलं होतं, कानानं अधू मूल द्या, आम्हाला सांभाळता येतं. तसं मूल मिळेना, म्हणून शेवटी मोठं मूल चालेल असं लिहिलं. गोदाच्या फाईलवर कान चांगला होता, म्हणून ती यांना आधी कधी दाखवलीच नाही."

चांगुणाबाईनं मनातल्या मनात वर्षं मोजली. म्हणजे पोर तिसऱ्या वर्षीच आईच्या घरी गेली असती. कानाला मशीन लागलं असतं, बोलायला शिकली असती. मंद म्हणून घेतलं नसतं तिनं कुणाकडून.

लॉरानं आधीचं पुसलं, नवीन लिहिलं आणि उठून चांगुणाबाईसाठी शेजारी खुर्ची ओढली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं चांगुणाबाईला वाटलं.

"कधीपासून आहे, विचारतेय," तेजल म्हणाली.

"पहिल्यापासून."

"आणि आत्तापर्यंत काय उपचार झाले? तो रकाना भरायचाय."

चांगुणाबाईनं पदर तोंडाला लावला. "काय नाय," ती म्हणाली. "लिव्हा, काय नाय. मीच होऊ दिलं नाय."