रोटातली पावडर

पिंपळनेरच्या मंजुळाबाईंना यंदाही कानबाई देवी डोक्यावर घेऊन पांझरा नदीपर्यंत चालत जायचं होतं, आणि गुडघे नाही म्हणत होते. थोरल्या सुनेचा मान होता तो. धाकटी जाऊ भिकुबाई दर श्रावणात त्यांच्या चालीकडे टक लावून बघायची. ती मानावर टपून बसली आहे, याबद्दल मंजुळाबाईंना तिळमात्र शंका नव्हती.

त्यांचा मुलगा योगराज जळगावात मेडिकलवर कामाला. त्याने कोलॅजेनची पावडर पाठवली. सांध्यातली कूर्चा म्हणे तिने सुधारते. पण वेळ लागेल आणि गुण येईलच असं नाही, असंही तो फोनवर म्हणाला. मंजुळाबाईंनी आधीचं तेवढं ऐकलं. दुधातून चमचाभर घ्यायच्या आणि लगेच अंगणात फेरी मारून फरक पडला का बघायच्या. पडायचा म्हणे.

पण त्या घरात दुकानातल्या डब्याला थारा नाही. सगळं स्टीलच्या डब्यात ओततात आणि कशात काय आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे, असं सगळेच धरून चालतात. सून मेघाने रोटाचं पीठ मळायला घेतलं आणि पिठाच्या डब्याशेजारचा डबाही परातीत उपडा केला.

रोट हा कानबाईचा नैवेद्य. भाऊबंदांनीच खायचा, बाहेरच्याला द्यायचा नाही, टाकायचा तर मुळीच नाही. मंजुळाबाईंना रिकामा डबा दिसला तेव्हा पंगत बसली होती आणि त्यांचे गुडघे भाऊबंदांच्या पोटात चालले होते. ओरडावं तर नैवेद्य बाटला म्हणून बोभाटा. त्या मुकाट्याने पानावर बसल्या आणि आपला वाटा वसूल करू लागल्या.

"काय भक्ती शे अक्कानी!" भिकुबाई कौतुकाने म्हणाली आणि तिने आणखी एक रोट वाढला. मंजुळाबाईंनी तोही संपवला.

दुसऱ्या दिवशी कानबाई विसर्जनाला वाजतगाजत निघाली. वाटेत लिंबाखाली डोक्यावरचा देवीचा पाट उतरवून आरती करतात. पाट उतरवायला मंजुळाबाई खाली बसल्या, त्या बसल्याच. आरती संपली तरी त्यांना उठता येईना. ढोलवाल्यांनी कुणी थांबवलं नाही म्हणून ढोल चालू ठेवला.

"ले व भिकु," त्या म्हणाल्या. त्यांना रडू फुटलं होतं. "आते तूच ले."

भिकुबाई घाबरून मागे सरली. "नको व अक्का! मना गुडघा तुनापेक्षा जास्त दुखतस. तू लेस म्हनीसन मी वाचस."

"मंग इतला साल बोलनी का नही?"

"तू तरी कोठे बोलनी?"

मंजुळाबाईंनी मेघाला हाक मारली, चुंबळ तिच्या डोक्यावर स्वतःच्या हाताने बसवली आणि कानबाई तिच्याकडे दिली. मग दोघी जावा एकमेकींचा दंड धरून मागून चालू लागल्या. चालणं सोपं झालं होतं. मंजुळाबाईंना ते अजिबात आवडलं नाही. ढोल जोरात वाजला की त्यांचा मोकळा हात पाट सावरायला वर जायचा, आणि भिकुबाई तो खाली घ्यायची.