झ्लातिनाची दुसरी बादली

मित्रांनो, मी एक जुनी पत्र्याची बादली आहे. रूसे शहरात, डॅन्यूब नदीजवळच्या एका लहानशा हॉटेलात, जिन्याखाली माझी जागा आहे. पत्रेवाल्याने मला ठोकूनठाकून घडवले तेव्हा मी चांदीसारखी झळकत होते. आता जागोजागी पोचे आले आहेत. पण रूपाचे मला दुःख नाही. मला जाळले ते वेगळ्याच गोष्टीने.

लादी पुसायला झ्लातिना होती. माझी कडी हाताला काचते म्हणून तिने जुन्या स्वेटरची बाही तिच्यावर गुंडाळली होती. "चल ग म्हातारे," म्हणत ती मला उचलायची आणि जिना पुसता पुसता लेकीच्या तक्रारी सांगायची. पाहुणे फरशीचे कौतुक करत आणि मालक कामेनोव ते कौतुक आपलेच समजत. ती माझी होती, मी तिची. मला तेवढे पुरे होते.

मग घरभाडे वाढले. हिवाळ्यात घर उबदार ठेवणे महागले. पगार मात्र होता तिथेच राहिला. झ्लातिनाने दुपारनंतर दातांच्या दवाखान्यात दुसरे काम धरले. एके सकाळी तिच्या हातांना लिंबाच्या साबणाचा वास आला. आमच्याकडे तसला साबण नव्हताच. मी ओळखले, तिकडे दुसरी कोणीतरी आहे.

"रुम्याना, तिथली बादली बघ एकदा! पिवळीधमक," ती स्वयंपाकिणीला सांगत होती. "पायानं दाबलं की फडकं आपोआप पिळलं जातं."

"मग ही म्हातारी दे भंगारात!" रुम्याना म्हणाली आणि दोघी खिदळल्या.

माझा नुसता जळफळाट झाला. त्या पिवळीला झ्लातिनाची ताजी दुपार मिळते आणि मला घाईची सकाळ, असे मला वाटे. खरे तर ताजे असे तिच्यात काही उरलेच नव्हते. एकदा ती माझ्याशेजारी पायरीवर टेकली आणि हात पाण्यात असतानाच तिचा डोळा लागला. नेमके तेव्हाच कामेनोव आले.

"झ्लातिनाबाई, झोपायचा पगार देतो का मी?"

ती धडपडत उठली. "साहेब, दोन ठिकाणी राबते. तुम्ही घर चालेल एवढं द्या, दुसरं काम आजच सोडते."

माझ्यातले पाणी हलायचे थांबले. हो म्हणा, मी मनात म्हणाले, हो म्हणा.

"लादी पुसायला काय अक्कल लागते? कुणीही पुसेल."

"पुसू दे की. पण त्या कुणालाही भाडं भरावं लागेलच ना? त्याच्याही घरी पोरं जेवायची असतील."

"मी हॉटेल चालवतो, धर्मशाळा नाही!"

"दान कुठं मागतेय मी? दिवसभर राबून दिवस निघावा, एवढंच."

कामेनोव पाठ फिरवून निघून गेले. पुढे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी तिला पूर्ण दिवसाचे काम दिले आणि घर चालेल एवढा पगारही. ती गेली. पिवळी जिंकली.

त्यानंतर कितीतरी मुली आल्या आणि गेल्या. कुणी मला आपटते, कुणी घाण पाण्यासकट तशीच सोडून देते. मी त्यांना दोष देत नाही. "माणसं टिकत का नाहीत?" कामेनोव कुरकुरले, तर रुम्याना कणीक मळता मळता म्हणाली, "या पगारात माणूस टिकत नाही, साहेब."

परवा झ्लातिना लेकीला घेऊन आली. रुम्यानासाठी घरी केलेला बनित्सा, म्हणजे चीज भरून भाजलेली पापुद्र्यांची रोटी, आणला होता. तिचे गाल आता भरले होते.

"आता रात्रीचं जेवण लेकीबरोबर होतं ग," ती म्हणाली.

"हेवा वाटतो बाई तुझा," रुम्याना म्हणाली.

मला कुणी विचारले नाही. मित्रांनो, तुमचा वर्ग, तुमचा जिना कोणीतरी रोज पुसते. तिला नुसते 'छान' म्हणून पुढे जाऊ नका. एवढ्यात तुमचे भागते का, असे विचारा, आणि भागत नसेल तर मोठ्यांना गप्प बसू देऊ नका. माझा मत्सर काही जायचा नाही. पण खरे सांगते, त्या पिवळीने झ्लातिनाला माझ्यापासून हिरावले नाही. कामेनोव त्या दिवशी हो म्हणाले असते, तर ती आजही माझीच असती.