माळकऱ्याच्या मणक्यातले फोड

कंदुरीचं, म्हणजे नवसाच्या बोकडाचं, मटण न खाता कंदुरीचं पुण्य पदरात पाडायचं, एवढाच मच्छिंद्रचा हिशोब होता. तिसगावच्या या माळकऱ्याने जन्मात अंडंसुद्धा फोडलेलं नव्हतं. पण गावात नवसाचं बोकड कापलं की शेजारचा भिमाजी पाण्याचे फोड आलेलं काळीज बाजूला टाकायचा, आणि मच्छिंद्र ते काठीने ढकलत आपल्या राजा कुत्र्यापुढे न्यायचा. मुक्या जिवाला घास, आपल्या हाताला विटाळ नाही. मग राजाला कुरवाळत त्याच हाताने शेंगदाणे खात ओट्यावर बसायचा. दहा वर्षं हे चाललं.

यंदा त्याचे पाय लुळे पडले. नगरच्या डॉक्टरीण सुचित्राबाईंनी एमआरआय बघून सांगितलं, मणक्यात पाण्याचे फोड आहेत, कुत्र्याच्या पोटातल्या जंताचे.

मच्छिंद्र दुखावला. "बाई, मी माळकरी हाय. त्या भिमाजीला तपासा, त्यो अख्खं बोकड खातो."

"मटण खाऊन हा आजार होत नाही, काका. काळजातले फोड कुत्र्याने खाल्ले, त्याच्या पोटात जंत झाले, जंताची अंडी त्याच्या केसांना लागली, तिथून तुमच्या बोटांना. तुम्ही ती शेंगदाण्यांबरोबर खाल्लीत."

भिमाजी सफरचंदं घेऊन भेटायला आला आणि आता तरी मटण सुरू कर, त्यात धोका कमी, असं मनापासून सांगून गेला.

ऑपरेशनमध्ये फोड न फुटता निघाले. पाय येतील की नाही, ते बाईंनाही सांगता येईना. तीन महिने गोळ्या खाऊन अंगठा तेवढा हलला. शेवटी बायको पुष्पावतीने कोणाला न विचारता बोकडाचा नवस बोलला, आणि पाय यायची वाट न बघता बोकड कापायलाही लावलं. देवाला आगाऊ दिलेलं बरं, असं तिचं म्हणणं.

मच्छिंद्रला ओट्यावर बसवलं होतं, अजून न वापरलेला वॉकर शेजारी ठेवून. भिमाजीने बोकड फाडलं. काळजावर फोड निघाले, तसं त्याने सवयीने ते राजाकडे भिरकावलं. राजा उठला. मच्छिंद्रही उठला. वॉकर तिथेच राहिला. खांब धरत, भिंत धरत तो चार पावलं गेला आणि अनवाणी पाय त्या काळजावर रोवून उभा राहिला.

"हे पुरा आधी. खोल पुरा."

कोणी हलेना. सगळे त्याच्या पायांकडेच बघत होते. मग त्यानेही खाली बघितलं.

देवाला नैवेद्य पोचला, गावाला मटण, मच्छिंद्रला पाय. राजाच्या वाट्याला जंताची गोळी आली, तीही कडू. फेडलं सगळं बोकडाने, आणि तेसुद्धा आगाऊ.