दावणीच्या मातीचा दाखला

मित्रांनो, मी एक जुनी माती-तपासणीची पत्रिका आहे. उदगीरजवळच्या एका गावात संगप्पांच्या घरी येऊन मला तीन वर्षं झाली. या घरात मला खोटारडी म्हणत आले, आणि त्याचा मला भयंकर संताप येतो.

प्रयोगशाळेतल्या बाईंनी पिशवीतली माती चाळली, तपासली आणि जे निघालं तेच माझ्यावर छापलं. नत्र भरपूर, ज्वारीला जास्तीचं खत नको. पिशवीवरचं रानाचं नावही माझ्यावर उतरवलं, 'माळाखालचं'. असं कसदार रान आपल्या वाट्याला आलं म्हणून मी फुलून गेले होते. घरी पोहोचल्यावर संगप्पांनी मला विभूती लावली आणि देवाशेजारी टांगलं.

माझ्या भरवशावर त्यांनी उकिरड्यातलं सगळं शेणखत सोयाबीनच्या रानात टाकलं. माळाखालच्या ज्वारीला टोपलंभरही मिळालं नाही. ज्वारी पिवळी पडली, आणि काढणीला अंगठ्याएवढी कणसं हाती आली. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. या घरची भाकरी त्याच रानावर, पण दोन वर्षं विकतची ज्वारी दळावी लागली. चारचौघांत संगप्पा माझ्याच नावानं खडे फोडत. मला देवाजवळून काढलं आणि चुलीला वारा घालायला घेतलं. माझी एक कड जळाली, तरी कुणाला वाईट वाटलं नाही.

यंदा काढणी झाल्यावर एके सकाळी त्यांची सून रुद्राणी वारा घालता घालता थांबली. माझ्या पाठीवरचा मजकूर तिनं पहिल्यांदाच वाचला. बांध, गोठा आणि उकिरडा सोडून, रानात आठ ठिकाणी वीतभर खणून माती घ्यावी, असं तिथं स्पष्ट छापलेलं आहे. तिनं सासऱ्यांना विचारलं, "मामा, ती माती कुठून घेतली होती तुमी?"

संगप्पांनी कान खाजवला. "उन्हाळ्यात रान लई टणक झालतं. कुदळ शिरंना. म्हणून दावणीजवळची घेतली. माती ती मातीच की."

माती ती मातीच! जिथं वर्षानुवर्षं बैलांचं शेणमूत मुरलं, ती माती माझ्यापुढे रान म्हणून ठेवली! ताप मोजायचा एकाचा आणि औषध द्यायचं दुसऱ्याला, वर बोल लावायचा वैद्याला.

रुद्राणी शांतपणे म्हणाली, "कागद खरंच बोलला, मामा. रान उपाशी ठिवलं ते आपण."

त्याच दिवशी दोघांनी रानात आठ खड्डे घेतले. महिन्याभरानं नवी पत्रिका आली. नत्र अगदी कमी निघालं. आता सगळं शेणखत माळाखाली जायचं ठरलं आहे.

मला मात्र संगप्पा चुलीत घालायला निघाले होते. रुद्राणीनं मला त्यांच्या हातातून घेतलं, माझ्यावरचं 'माळाखालचं' खोडलं आणि लिहिलं, 'दावणीची माती'. संगप्पांनी ते दोनदा वाचलं. चूक कबूल करायचा त्यांचा स्वभाव नाही. त्यांनी तिच्याकडून पेन मागून घेतलं आणि खाली सही केली.

मित्रांनो, माती खरी द्या, मी खरंच सांगेन. पण खणायचा कंटाळा तुमचा आणि बदनामी माझी, हे यापुढे चालायचं नाही.