तीन पायांवरची बदनामी

मित्रांनो, तीन पाय, एक लांब मान आणि पोटाचा पत्ताच नाही, असा मी एक जुना ईझल आहे. चित्र काढताना कॅनव्हास ज्याच्यावर टेकवतात, तो लाकडी स्टँड म्हणजे मी. हल्ली माझा मुक्काम जिन्याजवळ, हात धुण्याच्या बेसिनशेजारी असतो. लोक माझ्या मानेवर ओल्या छत्र्या अडकवतात आणि मला 'लंगडा' म्हणतात. हे नाव मला कसे पडले, ते सांगताना अजूनही मान खाली जाते.

मला घडवले एका तापट सुताराने. पाय सारखे झाले नाहीत म्हणून माझ्याआधीचे दोन ईझल त्याने सरळ शेगडीत घातले होते. मला मात्र त्याने फरशीवर उभे करून, हलवून पाहिले आणि पुढच्या पायाला हाताने फिरवता येईल असा पितळी नट बसवला. "आता याच्यावर हत्ती बसव," तो बायकोला म्हणाला. पुढे चित्रकलेच्या शाळेत मी कित्येक वर्षे उभा होतो. जागा धरायला मुले धावत यायची ती माझ्याकडेच. मास्तर त्यांना सांगायचे, "हा काही हलायचा नाही. तुमचा हात हलला तर तुमचं तुम्ही बघा." ते ऐकून माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचे. आता लाकडाला जेवढे चढते तेवढेच!

शाळेने लोखंडी स्टँड घेतले आणि मी बेकरीच्या वरच्या या हॉलमध्ये आलो. इथे शनिवारी संध्याकाळी हौशी मंडळींचा चित्रांचा वर्ग भरतो. वर्ग कसला, गप्पांचा अड्डाच. प्रत्येकाच्या हाताशी पेयाचा ग्लास, वेफर्स, खारे शेंगदाणे आणि समोर कॅनव्हास. शिकवणारी ताई सगळ्यांकडून एकच चित्र काढून घेते. बोलण्याच्या नादात कोणीतरी ब्रश पाण्याऐवजी पेयात बुचकळतोच. मग सगळे खो-खो हसतात. चित्र कसेही आले तरी ताई 'वा!' म्हणते. आधी मी नाक मुरडत असे, पण पुढे मलाही तिथे करमू लागले.

एका शनिवारी माझ्यासमोर सलूनवाले काका येऊन बसले, शेजारी काकू. आजारपणानंतर काकांचा उजवा हात थरथरू लागला होता. एका गिऱ्हाइकाच्या कानाला कात्री लागली आणि तेव्हापासून ती खणात पडून होती; सलूनमध्ये गिऱ्हाइके लेकच बघत होती. ताई ब्रश वाटत होती, तेव्हा काका हळूच म्हणाले, "आज रेघ सरळ आली ना, तर सोमवारी कात्री हातात घेतो."

"अहो, गंमत म्हणून आलोय आपण," काकू म्हणाल्या. पण त्यांनी वेफर्सना हातसुद्धा लावला नाही.

चित्र होते तळ्यातल्या होडीचे. आकाश आणि पाणी रुंद ब्रशने झकास झाले. मग बारीक ब्रशने शिडाची काठी काढायची होती, वरून खाली एकच रेघ. काकांनी श्वास रोखला. रेघ निघाली ती वेडीवाकडी. पलीकडे एका ऑफिसातल्या मुली बसल्या होत्या. त्यातली एक म्हणाली, "काकांची होडी नाचायला लागली!" तिच्या मनात वाईट काही नव्हते. काकांचे कान मात्र लाल झाले. ते हात धुवायला उठले.

मित्रांनो, तेवढ्यात काकू वाकल्या आणि त्यांनी माझा पितळी नट भराभरा सैल केला.

काका परतताच त्या म्हणाल्या, "अहो, हा स्टँडच हलतोय. हात लावून बघा."

काकांनी हात लावला. मी डुगडुगलो. त्यांचा चेहरा असा काही उजळला, की काय सांगू! "अरेच्चा, म्हणजे हा लंगडा आहे होय! आणि मी उगाच हाताला दोष देतोय!" सगळा हॉल हसला. ताई लांबूनच ओरडली, "सॉरी हं काका, जुना झालाय तो. टाकूनच द्यायचाय!" जन्मभर ताठ उभे राहण्यापलीकडे मी काही केले नव्हते. भरल्या सभेत माझी अब्रू गेली. लाजेने तिथेच मोडून पडावेसे वाटले.

पण काका पडले हाताने काम करणारे. त्यांनी गुडघे टेकून नट घट्ट आवळला, मला गदगदा हलवून खात्री केली, ओली रेघ फडक्याने पुसली आणि पुन्हा ब्रश उचलला. मी खांबासारखा उभा होतो. खरे सांगतो, जन्मात पहिल्यांदाच मला वाटले, की आपण जरासे हलावे. पण हलता आले नाही. रेघ पुन्हा वाकडी आली.

या वेळी कोणी हसले नाही. मुलींनी घाईघाईने आपापल्या चित्रांत डोकी घातली. काका ब्रशकडे बघत राहिले, मग नटाकडे, मग काकूंच्या बोटांकडे. बोटांना नटाचे काळे तेल लागले होते. काकूंनी हात लपवला, पण उशीर झाला होता.

"तू सैल केलास?"

"चुकलं माझं." काकूंचे डोळे भरून आले. "चारचौघांत तुमचं हसं झालेलं मला बघवेना."

काकांनी ब्रश खाली ठेवला. नवरा-बायकोंपैकी कोणाला जास्त लाज वाटत होती, ते मला सांगता येणार नाही. इतक्यात "जमलं का काका?" म्हणत ताई जवळ येऊ लागली. तसे काका पटकन वाकले आणि थरथरत्या बोटांनी त्यांनी स्वतःच माझा नट पुन्हा सैल केला.

"कुठलं जमतंय, ताई!" मला हलवून दाखवत ते मोठ्याने म्हणाले. "तुमचा हा लंगडा ऐकेल तर शपथ!"

पुन्हा हशा पिकला. त्या गोंधळात ते काकूंच्या कानाशी म्हणाले, "सोमवारी कात्री लेकीला देऊन टाकतो. मी आपला गिऱ्हाइकांशी गप्पा मारीन." काकूंनी मान डोलावली.

त्यानंतर माझी रवानगी बेसिनशेजारी झाली. नट कोणी आवळला नाही. येणारा-जाणारा मला टेकतो, मी डुगडुगतो, तो वैतागतो आणि मी पुन्हा लाजतो. म्हणून मित्रांनो, एक विनंती आहे. घरातल्या, शाळेतल्या जुन्या वस्तूंकडे लक्ष द्या. सैल झालेले आवळा, गंजलेल्याला तेल द्या. जमल्यास माझाही नट आवळून जा, तेवढेच माझ्या जिवाला बरे वाटेल. पण कधी कोणी चारचौघांत म्हणाले, "माझं काही चुकलं नाही, हा स्टँडच लंगडा आहे," तर लगेच वाकून नट तपासू नका. "हो, लंगडाच आहे," असे म्हणा. मी सोसेन.