तार चावते

रविवारी पेपरात स्वतःचं नाव छापून आलेलं बघायला मला अजूनही आवडतं, खोटं कशाला बोलू? मी कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि दर रविवारी वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देते. त्या दिवशीचा प्रश्न सायखेड्याच्या वैष्णवीचा होता: 'तारेवर साळुंक्या खुशाल बसतात, मग ती माणसालाच का चावते?'

काय गोड प्रश्न! मी झोकात उत्तर दिलं होतं. पक्ष्याचे दोन्ही पाय एकाच तारेवर, जमिनीशी संबंध नाही, म्हणून वीज त्याच्यातून वाहत नाही. जमिनीला पाय लागला नाही, तर माणसालाही काही होणार नाही.

सोमनाथ, माझा नवरा, चहा पिता पिता ते मोठ्यानं वाचत होता. मध्येच थांबला.

"ही कुठली तार गं?"

"कुठली म्हणजे? खांबावरची."

"खांबावर चढून तारेला हात लावायला जातंय कोण? सायखेड्याची आहे ना ती? मग द्राक्षबागेची तार असणार, वेल बांधतात ती. आमच्या चांदोरीला नुसतं तार म्हटलं की तीच."

मी त्याच्या हातातला पेपर ओढून घेतला. मी घोटीची, भाताकडची. आमच्याकडे तार म्हणजे विजेची. पण बागेच्या तारेत वीज असायलाच नको! ती चावते म्हणजे मोटरीची केबल कुठंतरी सोलवटून मांडवाच्या लोखंडाला टेकली असणार. त्या तारेला रोज हात लागतो यांचा, आणि मी शहाणी साळुंक्यांचं कौतुक करत बसले!

प्रश्न व्हॉट्सॲपवर आला होता, म्हणून नंबर होता. लावला. उचलेना. पुन्हा लावला. स्वयंपाकघरातून गॅलरीत, गॅलरीतून दारापर्यंत मी नुसती येरझारा घालत होते.

"बस जरा," सोमनाथ म्हणाला.

"तूच बस!" मी खेकसले. "नाहीतर गाडीची चावी शोध."

शेवटी वैष्णवीनं एकदाचा उचलला.

"अय्या, मॅडम, तुम्ही! वाचलं आम्ही सकाळीच. सासूबाई लय भ्यायच्या तारेला. मी म्हटलं, जमिनीला पाय नाय लागला म्हंजे झालं. माझ्या चपला घालून गेल्यात बागेत."

"चपला?" मी किंचाळलेच. "अगं, ओल्या मातीत चपलांचा काय भरवसा! लाईट आहे का आत्ता?"

"यायचीच वेळ झालीय."

"मग पळ! तारेपासून लांब व्हायला सांग त्यांना. मग मोटरीचा मेन बंद कर. फोन ठेवू नकोस!"

फोनमधून धापा ऐकू येत होत्या. मग हाका. "आई, ओ आई! तारंला हात लावू नका!" कुत्रं भुंकलं. त्यानंतर काहीच नाही. मी सोमनाथचा दंड गच्च धरला होता. भीतीनं मला रडू येत होतं.

"कोन बोलतंय?" एक खरखरीत आवाज आला.

"मावशी, पेपरात उत्तर देते ती मी. चूक झाली माझी. मी लिहिलं ती तार वेगळी. तुमच्या तारेत वीज उतरतेय. वायरमननं केबल बघितल्याशिवाय हात लावायचा नाही. चपला असल्या तरी नाही. माझं ऐका."

"ऐकलंच होतं की," त्या म्हणाल्या.