मोहटोल्याच्या फाट्यावरची पाटी

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे, मित्रांनो. चिखल्याच्या खाणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मोहटोल्याचा फाटा लागतो, तिथे मी उभी असते. माझ्यावर गावाचे नाव आहे आणि त्याखाली गावाची लोकसंख्या.

तुमसरच्या एका दुकानात माझा पत्रा कापला गेला. तुलाराम पेंटरने मला निळा रंग दिला, त्यावर पांढरी अक्षरे काढली. शेवटी आकडा काढताना त्याने श्वास रोखून धरला होता. ११४२. दोन हजार अकराच्या जनगणनेत मोहटोल्यात तेवढी माणसे मोजली गेली होती. गुरुजी शाळेतल्या मुलांना माझ्यापुढे उभे करत आणि आकडा मोठ्याने वाचायला लावत. "यात मी बी हाय!" मुले ओरडत. सारे गाव माझ्याच अंगावर नांदते आहे, असे मला वाटे.

पुढे ते कौतुक सरले. बकऱ्या येऊन पाठ घासू लागल्या, वाढदिवसांची पोस्टर्स चिकटली, कडांना गंज चढला. आकडा तसाच राहिला. गाव मात्र तसे राहिले नाही. मुली सासरी गेल्या, म्हातारी माणसे गेली. खाणीच्या कामाला आलेल्या कुटुंबांनी नाल्यापलीकडे घरे बांधली. त्या वस्तीला सगळे टोली म्हणू लागले. सरकारी कार्यालयात दरवर्षी जुन्याच आकड्यात थोडी भर घालून अंदाज काढत. त्यात टोली कुठून येणार? पाण्याची टाकीही त्याच हिशेबाने बांधली गेली. पाणी गावातच संपे आणि टोलीच्या नळाला नुसती हवा येई.

गावाने एकदा मोठी टाकी मागितली. रेशनच्या यादीतला आकडा सर्वांत मोठा, म्हणून तोच लिहून पाठवला. कागद परत आला. त्या यादीत सासरी गेलेल्या मुली होत्या, वारलेली माणसेही होती. टोली नव्हती, कारण त्या लोकांची कार्डे त्यांच्या मूळ गावची.

मग एका उन्हाळ्यात भंडाऱ्याहून रुचिका नावाची तरुण अधिकारी आली. माझ्या पायाशी दगडावर बसून ती अंगणवाडीच्या शकुनबाईंना सांगू लागली, "नवी मोजणी होऊन तिचे आकडे हाती येतील तेव्हा येतील. तोवर रेशन, अंगणवाडी, शाळा, वीजमीटर, जन्ममृत्यू, सगळ्या नोंदी एकमेकींशी ताडून पाहू. एक चुकली तर दुसरी सांगेल. पण गेलेली नावं काढली नाहीत, तर आलेल्या नावांवर तरी कोण विश्वास ठेवेल?"

"मंग पयले या शेवंताकाकूले विचारा," शकुनबाई हळूच म्हणाल्या.

शेवंताबाई तिथेच बसची वाट पाहत बसल्या होत्या. त्यांचे यजमान मधुकरराव वारून काही वर्षे झाली होती. पण शेवंताबाईंनी मृत्यूची नोंद केलीच नव्हती.

"बुढा कायले कोनाच्या आड येऊन राहिला?" शेवंताबाई तडकल्या. "जित्तेपनी घरात टिके नाही, आता कार्डात तरी बसू द्या!"

शकुनबाई खुदकन हसल्या. रुचिकाने विचारले, "आजी, त्यांच्या वाट्याच्या तांदळाचं काय करता?"

"तो तं टोलीतल्या गुड्डीच्या मायले जाते. तिचं कार्ड बालाघाटकडचं. पोरगी इथं घरीच जल्मली. कोनत्याच कागदावर नाही." एवढे बोलून त्यांनी रुचिकाकडे पाहिले. "म्हंजे मेलेला बुढा मोजल्या जाते, अन् जित्ती पोरगी नाही?"

"हो, आजी."

बस आली. शेवंताबाई चढल्या नाहीत. बस निघून गेली.

"बुढ्याचं नाव काटलं तं गुड्डीचं लिहशीन?"

"नाही काढलं तरी लिहीन. तिच्या आईला त्याच कार्डावर इथंही रेशन मिळतं, ते मी करून देते. पण आजी, दोन्ही केलं तरच आकडा खरा होईल. खऱ्या आकड्यावर टाकी मागता येईल."

शेवंताबाईंनी टोलीकडे पाहिले.

"काट मंग," त्या म्हणाल्या. "पन हळू काट."

त्यानंतर गावातली इतर घरेही आपापल्याकडची गेलेली-आलेली नावे सांगायला पुढे आली. ताडून काढलेल्या आकड्यावर गावाने पुन्हा टाकी मागितली, आणि या वेळी कागद परत आला नाही. नाल्यापलीकडे टाकीचा पाया खोदून झाला आहे.

परवा तुलाराम आला. त्याने जुना आकडा खरवडला तेव्हा मला दुखले, खोटे कशाला सांगू? मग त्याने नवा लिहिला: १३६८. त्याच्या बाजूला 'अंदाजे', आणि खाली वर्ष. शेवंताबाई गुड्डीला कडेवर घेऊन आल्या. ओल्या रंगाला बोट न लावता त्यांनी आकडा पाहिला. "यात आमचा बुढा, तुहा आबा, नाही," त्या गुड्डीला म्हणाल्या. "पन तू हाय."

मित्रांनो, माझा रंग वाळायच्या आतच कुठेतरी पाळणा हलतो, कुठे दिवा विझतो. तुमच्या घरी कुणी आले, कुणी गेले, तर वेळेवर सांगा. गेलेल्याचे नाव सांगताना जीव जड होतो, मला ठाऊक आहे. तरी सांगा.

आणि माझ्यावर पोस्टर चिकटवू नका. त्याखाली गुड्डी आहे.